सहलही हवी, शर्यतही हवी: शिडाची बोट कोणती घ्यावी?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जळगावात बसून शिडाच्या बोटीबद्दल विचारतोय, म्हणजे पहिले चार प्रतिसाद टिंगलीचे येणार हे धरून चाललोय. ते उरकून घ्या आणि मग मुद्द्यावर या.

मी, पनवेलचा माझा मेहुणा आणि त्याचा एक मित्र असे तिघं मिळून मुंबई बंदरात ठेवायला केबिनवाली सेकंडहँड बोट बघतोय. शिडं तिघांनाही हाताळता येतात. मुलगी मुंबईत शिकते, लेझरवर (एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीवर) शर्यती करते, तिला हळू बोट म्हणजे अपमान वाटतो. मेहुण्याला हिवाळ्यात मुरूड, दिवेआगर, जमलं तर गोव्यापर्यंत हिंडायचंय. आमच्या सौंच्या अटी साध्या आहेत: संडासला दार हवं, चहा करता यायला हवा आणि बोट कलली की भांडी अंगावर येता कामा नयेत. मला सगळंच हवंय.

यादीत सध्या तीन प्रकार आहेत. एक जे-२४, छोटी शर्यतीची बोट. दुसरी ३२ फुटांच्या आसपासची फ्रेंच बनावटीची क्रूझर-रेसर, म्हणजे सहल आणि शर्यत दोन्हींसाठी. तिसरी जुनी, जड, लांब कीलवाली (कील म्हणजे बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं), जिला मेहुणा 'बोट असावी तर अशी' म्हणतो आणि माझी मुलगी 'तरंगतं गोदाम' म्हणते.

प्रश्न एवढाच: ती मधली बोट खरोखर दोन्ही कामांची असते, की दोन्हीकडून अर्धवट?

केळीवाला रावेर

खान्देशमा प्याले पानी नही अन् भाऊ जहाज ली राहिना! तुन्ही बोटमा माले जागा शे का तेवढं सांग.

रिकामटेकडा

बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भरीतपार्टी

मुंबईला कशाला? हतनूर धरणावर आणा. बामणोदची वांगी, तुरखाट्यांवर भरीत, कळण्याची भाकरी आणि समोर तुमची बोट. शर्यत कोणाशी लावायची ते नंतर बघू.

डोलकाठी

मूळचा चोपड्याचा, नोकरीमुळे मुंबईत. शर्यतीच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो, त्यामुळे जे-२४बद्दल बोलायचा थोडा हक्क आहे.

रॉड जॉनस्टन यांची ही १९७७ सालची बोट. जगभरात ५,००० च्या वर बनल्या. २४ फूट लांब, वजन साधारण १,४०० किलो, त्यातलं कीलचं शिसं ४३० किलोच्या आसपास. आता दुसरा आकडा बघा. या वर्गाच्या नियमात खलाशांचं एकूण वजन जास्तीत जास्त ४०० किलो चालतं. म्हणजे जवळजवळ कीलएवढंच वजन माणसांच्या रूपात वर काठावर बसलेलं असतं. वारा वाढला की चार-पाच जणांनी रेलिंगला पोट लावून बाहेर लोंबकळायचं, तेव्हा ती सरळ उभी राहून पळते. माणसं नसतील तर शीड कमी करा आणि हळू जा.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न बोटीचा नाहीच. दर रविवारी सकाळी सात वाजता पाच माणसं जेट्टीवर हजर राहणार आहेत का? तसं असेल तर जे-२४सारखा आनंद नाही. तुम्ही, मेहुणा आणि 'बघतो, जमलं तर येतो' म्हणणारा मित्र एवढंच असेल तर ती बोट तुम्हाला शिक्षा वाटेल.

आत चार बंक आहेत, पण ताठ उभं राहता येत नाही. चड्डी बदलायची तर आडवं पडून. वहिनींच्या दाराच्या अटीवर ही बोट पहिल्या फेरीतच बाद.

केळीवाला रावेर

४०० किलो? आमना घरना चार जन बसनात का भरी जाई. बोलाव आम्हाले.

नाखवा धुळेकर

व्यापारी जहाजांवर उमेदीची वर्षं घालवली, आता देवपुरात निवांत आहे. तापीभाऊ, मेहुण्याचं ऐका.

समुद्र बिघडला की वेगाची चर्चा बंद होते. १९६८-६९ ची गोल्डन ग्लोब, एकट्याने न थांबता जगाला वळसा घालायची शर्यत आठवा. नऊ जण निघाले, पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉनस्टन यांनी, ३१२ दिवसांत. त्यांची सुहैली ३२ फुटी, सागवानी, दोन डोलकाठ्यांची, आणि बांधलेली आपल्या मुंबईत. तिला वेगवान कोणीच म्हटलं नसतं. मग इंग्लंड-आयर्लंडकडची १९७९ ची फास्टनेट शर्यत घ्या. ३०३ बोटी सुटल्या आणि वादळात १५ स्पर्धक गेले. त्या काळी मापाच्या नियमांतून जास्त फायदा काढायला रुंद पोटाच्या, हलक्या, अस्थिर बोटी बनत होत्या, त्यातल्या कितीतरी पार उलथल्या. सगळ्यात छोट्या बोटींच्या गटात शर्यत पूर्ण करणारी एकच बोट होती, असेंट नावाची काँटेसा ३२. तिच्या एकूण वजनात ४७ टक्के कील.

२०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये अभिलाष टॉमी दुसरे आले तेही रस्टलर ३६ या लांब कीलच्या बोटीवर. लांब कील हातात सुकाणू नसतानाही आपली दिशा धरून ठेवते. थकलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

डोलकाठी

@नाखवा धुळेकर, काका, आदर ठेवून सांगतो, त्या शर्यतीचा नियमच लांब कीलच्या, १९८८ पूर्वीच्या डिझाइनच्या बोटी आणा असा होता. सगळ्यांकडे तशाच बोटी असताना तशीच बोट दुसरी आली, यावरून काय सिद्ध होतं?

आणि तापीभाऊंना दक्षिण महासागरात जायचं नाहीये, दिवेआगरला जायचंय. मार्चमध्ये मुंबई बंदरात सकाळी मतलई वारा मरतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होईपर्यंत पाणी काचेसारखं सपाट पडतं. अशा वाऱ्यात लांब कीलचं जड धूड जागचं हलत नाही. मग इंजिन लावा आणि डिझेलच्या वासात सहल करा. हिला आराम म्हणायचं?

नाखवा धुळेकर

बाळा, आराम कशाला म्हणतात ते साठी उलटल्यावर कळेल. नियमाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तेवढं उदाहरण मागे घेतो. असेंटचं घेत नाही.

गणितमास्तर भुसावळ

दोघंही हवेत बोलताय, थोडे आकडे मांडतो.

पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर बोटीची लांबी जितके फूट, त्याचं वर्गमूळ घ्या आणि १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैल). जे-२४ची ही लांबी २० फूट, म्हणजे ६ नॉट. ३२ फुटी बोटीची साधारण २६ फूट धरली तर पावणेसात-सात. म्हणजे केबिन, संडास, चहाची शेगडी सगळं घेऊनसुद्धा मोठी बोट चांगल्या वाऱ्यात पुढे जाणार. लांबी हाच वेग. (हलक्या बोटी वारा पाठीशी असताना लाटेवर स्वार होऊन ही मर्यादा ओलांडतात, ते वेगळं.)

हलक्या वाऱ्यात दुसरा आकडा बघायचा, वजनाच्या मानाने शीड किती. बोटीच्या वजनाएवढ्या समुद्राच्या पाण्याचं घनफळ घनफुटांत काढा, त्याचा दोन-तृतीयांश घात घ्या आणि शिडाच्या चौरस फुटांना त्याने भागा. १६ च्या खाली आलं तर सहलीची बोट, २० च्या वर गेलं तर शर्यतीची, मधलं सगळं क्रूझर-रेसर. जे-२४चं साडेएकोणीसच्या आसपास येतं.

तापीभाऊ, जाहिरातीत 'क्रूझर-रेसर' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. वजन आणि शिडाचं क्षेत्रफळ मागून घ्या, पाच मिनिटांत कळेल. आणि कागदावरचं वजन रिकाम्या बोटीचं असतं. २०० लिटरची पाण्याची टाकी भरली की २०० किलो आलेच.

भरीतपार्टी

घाताच्या अपूर्णांकापर्यंत आलो. आता भरीत थंड होतंय.

आखाजी

पुरुषमंडळींनी आराम म्हणजे जड बोट आणि वेग म्हणजे हलकी बोट असं परस्पर ठरवून टाकलंय. मी नवऱ्याबरोबर गोवा आणि कोकण किनाऱ्यावर बोटीत राहिले आहे, माहेर अमळनेर. बोटीत चार दिवस काढताना खरं काय लागतं ते सांगते.

हवा. आपल्याकडच्या उकाड्यात थंड देशांसाठी बनवलेली बोट म्हणजे भट्टी. छताला उघडणाऱ्या खिडक्या किती, त्या नांगरावर असताना वाऱ्याच्या तोंडाला येतात का, हे आधी बघा. दुसरं, कॉकपिटवर (बोट चालवायला बसतात त्या जागेवर) सावली. शर्यतीच्या बोटीवर मेनसेलचा बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) इतका खाली असतो की छत ताणायला जागाच नसते. तिसरं, हात धरायला जागा. आत-बाहेर जाताना पायरीपासून पुढच्या बंकपर्यंत दर पावलाला काहीतरी धरता आलं पाहिजे. प्रदर्शनात ऐसपैस दिसणारी केबिन समुद्रात सगळ्यात धोक्याची, कारण कुठेही आपटायला मोकळी जागा.

शेगडी झुलत्या कड्यांवर टांगलेली हवी, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सपाट राहतं. माझा चहा वीस अंश कललेल्या बोटीत झालेला आहे. आधण उकळत होतं, पातेल्यातलं पाणी क्षितिजाशी समांतर आणि मी स्वतः ओट्याला पट्ट्याने बांधलेली. चहा सांडला नाही, साखरेचा डबा मात्र समोरच्या भिंतीवर गेला. झाकण फिरकीचं घ्या.

आणि वहिनींना कलण्याची भीती असेल तर पहिल्या दिवशी मोठ्या वाऱ्यात नेऊ नका. हे कोणत्याही बोटीच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं आहे.

तापीकाठ (धागाकर्ता)

@आखाजी, ताई, तुमचा प्रतिसाद सौंना वाचून दाखवला. 'ह्या बाईंना फोरमवरच कशाला, घरी बोलवा' असं उत्तर आलंय. खिडक्यांचं डोक्यातच नव्हतं.

@डोलकाठी, पाच माणसांचा प्रश्न वर्मी लागला. मित्र 'जमलं तर येतो'वालाच आहे.

केळीवाला रावेर

बोटवर मांडा करता येतीन का? खापर कसं टांगशात?

आखाजी

@केळीवाला, खापर टांगलं तर बोटीची कील लागायची नाही. वरणबट्टी करा, बट्ट्या घरून भाजून न्या.

सातपुडा एक्सप्रेस

अवांतर. म्हादेईचा उल्लेख कोणी कसा केला नाही? नौदलाची ५६ फुटी, गोव्यात बांधलेली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्याने जगाला वळसा घालून आले, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. तीच बोट केप टाउन ते रिओ शर्यतीतही उतरलीय. मग २०१७-१८ मध्ये तारिणी या तशाच दुसऱ्या बोटीवर सहा महिला अधिकारी. एकाच बोटीने दोन्ही कामं होतात याचं घरचं उदाहरण.

डोलकाठी

बोट उत्तम, शंका नाही. फक्त ५६ फूट लांबी असली की वेग, आराम, सुरक्षितता सगळं जमतं. ते सगळं ३२ फुटांत कोंबायचं तिथे कस लागतो. आणि तापीभाऊंच्या मागे नौदल उभं नाही, मेहुणा आहे.

पक्षीवेडा जळगाव

हतनूरवाल्यांना विनंती. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात, महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत त्याची गणना आहे. शिडाच्या बोटी घेऊन थव्यात घुसू नका. आणि जे-२४ला पाण्याखाली चार फूट लागतात, हतनूरच्या गाळात ती रुतेल.

गणितमास्तर भुसावळ

धरणासाठी केबिनवाली बोट हवीच कशाला? वेफेअरर बघा. इयान प्रॉक्टर यांची १९५७ ची १६ फुटी उघडी बोट. मधली फळी वर ओढली की गुडघाभर पाण्यातही चालते, ट्रेलरवर टाकून कारमागे नेता येते. इंग्लंडात तिच्या शर्यतीही होतात. आणि फ्रँक डाय नावाच्या गृहस्थांनी १९६३ मध्ये ती स्कॉटलंडहून आइसलंडला नेली, पुढच्या वर्षी नॉर्वेला. उघड्या बोटीत, एका साथीदाराला घेऊन! या धाग्याच्या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर हेच असेल.

तापीकाठ (धागाकर्ता)

मास्तर, त्यात संडास कुठे आहे?

गणितमास्तर भुसावळ

बादली.

तापीकाठ (धागाकर्ता)

पुढच्या पर्यायावर जाऊ.

घोडेबाजार

शहाद्याचा आहे, बोटीतलं ओ की ठो कळत नाही. पण सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी हेच भांडण ऐकतो. नवशिक्या म्हणतो, टांग्याला पण जुंपेन आणि शर्यतीत पण पळवेन असा घोडा द्या. व्यापारी त्याला नक्की देतो, आणि किंमत दोन घोड्यांची लावतो. जाणता माणूस आधी विचारतो, वर्षातले किती दिवस टांगा आणि किती दिवस शर्यत?

डोलकाठी

@घोडेबाजार, दंडवत. तापीभाऊ, या प्रश्नाचं उत्तर द्या बरं.

मोटवाणीचा शेजारी

किती दिवस म्हणताय, पण मुळात हंगाम किती? मे अखेरीला बोट पाण्याबाहेर काढावी लागते, पावसाळाभर ती ताडपत्रीखाली. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्रात उतरतात, पण क्लबाच्या बोटी निवांत दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाण्यात येतात. त्यात जळगावहून रात्रीच्या गाडीने जायचं आणि यायचं. नांगरभाडं, तळाचं शेवाळ-शिंपले खरवडणं, रंग, दोऱ्या, विमा मिळून दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के खर्च धरावा असा जुना ठोकताळा आहे. तो नव्या बोटीचा. जुनी स्वस्तात घेतली तर टक्के वाढतात, कारण डोलकाठी आणि विंच (दोऱ्या ओढायची चरखी) तुमच्या खरेदीच्या किमतीत दुरुस्त होत नाहीत, बोटीच्या आकाराप्रमाणे होतात.

केळीवाला रावेर

कानबाईना टाइमले बोट घरीच राहीन म्हनजे. चांगलं शे, रोट खाले मोकळा.

तापीकाठ (धागाकर्ता)

घोडेबाजार यांचा प्रश्न तिघांनी बसून सोडवला. मुलगी जवळपास प्रत्येक शर्यतीला तयार, पण तिला परीक्षा आहेत. मी महिन्यातून एकदा. मेहुण्याला नाताळात आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत मोठी सहल. सौ एक रात्र राहून बघणार, मग ठरवणार. म्हणजे बंदरातल्या शर्यती जास्त, लांबच्या सहली थोड्या, पण सहल बिघडली तर घरातला पाठिंबा संपला.

डोलकाठी

मग माझं मत बदलतंय, जे-२४ सोडा. ३२ फुटी घ्या, पण तीत शर्यतीचा पैसा कुठे घालायचा ते ऐका.

पहिल्यांदा क्लबात विचारा, तिथे शर्यती कशा धरतात. एकाच वर्गाच्या बोटींच्या शर्यती असतील, मुंबईत सी-बर्डच्या जुन्या लाकडी बोटींची तशी परंपराच आहे, तर तुमची वेगळी बोट घेऊन उपयोग नाही. हँडिकॅप असेल, म्हणजे प्रत्येक बोटीची वेळ तिच्या गुणांकाने गुणत असतील, तर हळू बोटीलाही न्याय मिळतो. समजा तुमच्या बोटीचा गुणांक ०.९५० आणि समोरच्याचा १.०००. तुम्हाला चार तास लागले, म्हणजे २४० मिनिटं, ती गुणून झाली २२८. तो ३ तास ५० मिनिटांत आला तर त्याची २३० च राहिली. तो दहा मिनिटं आधी येऊन चहा पीत बसलेला, आणि ढाल तुमची. त्यामुळे 'वेगवान बोट' हा हट्ट मुलीला समजावून सोडवा. बोटीच्या क्षमतेच्या जवळ जाऊन ती चालवली की झालं.

पैसा शिडांत घाला. दोन जोड ठेवा: सहलीला डॅक्रॉनची (पॉलिएस्टर कापडाची), ऊन सोसणारी, आणि शर्यतीला वेगळा चांगला जिब (पुढचं शीड). सहलीची शिडं पोटात ढगळ झाली की वाऱ्यावर चढताना बोट नुसती कलते, पुढे जात नाही. इंजिनाचा पंखा मिटणारा बसवा, बोट शिडावर असताना उघडा पंखा पाण्यात नांगराचं काम करतो. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी करून तळ घासून घ्या. एवढ्यात जो फरक पडतो तो बोट बदलून पडत नाही.

नाखवा धुळेकर

मी लांब कीलचा हट्ट सोडत नाही, पण मुंबई बंदराच्या मर्यादेत पोराचं म्हणणं पटतं. फक्त एक जोडतो. कीलवर ओहोटीचा विचार करा. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. सात फूट खोल कील शर्यतीला छान, पण दिवेआगर-मुरूडकडे खाडीच्या तोंडाशी तिचा जीव टांगणीला लागतो. एकाच बोटीचे खोल आणि उथळ कीलचे दोन प्रकार निघतात, पाच-साडेपाच फुटांची मिळाली तर ती घ्या. वाऱ्यावर चढायला थोडी मागे पडेल, हँडिकॅपमध्ये त्याची भरपाई बहुतेक होते.

आखाजी

+१ काकांना. आणि जिबला गुंडाळी हवी. संध्याकाळी वारा वाढला की कोणीतरी पुढे डेकवर जाऊन शीड उतरवायचं, हे काम घरच्या माणसांबरोबर असताना नको. शर्यतवाले नाक मुरडतील, मुरडू द्या.

डोलकाठी

नाक मुरडलं. पण बरोबर आहे.

तापीकाठ (धागाकर्ता)

पुढच्या रविवारी एक ३२ फुटी बघायला जातोय. कील साडेपाच फूट, जिबला गुंडाळी आहे, आत मला ताठ उभं राहता येतं असं मालक सांगतात. वजन आणि शिडाचं क्षेत्रफळ मागवलं, मास्तरांच्या सूत्राने १७ च्या जरा वर आलं. बघताना काय तपासू?

डोलकाठी

प्लास्टिकच्या मुठीचा छोटा हातोडा न्या आणि डेकवर वीतभर अंतराने टिचक्या मारत चला. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतलं बाल्साचं लाकूड ओलं झालंय. रेलिंगच्या खांबांच्या, डोलकाठीच्या तारा बांधायच्या पट्ट्यांच्या बोल्टांभोवती जास्त टिचक्या मारा, पाणी तिथूनच शिरतं. कील जिथे तळाला जोडते तिथे गंजाचा ओघळ किंवा केसासारखी भेग दिसली तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. डोलकाठीच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या ते विचारा, दहा-पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर विमावाले कुरकुर करतात आणि तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या, थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा.

आखाजी

वहिनींना बरोबर न्या आणि संडासचं दार त्यांच्याच हाताने लावून बघू दे.

मोटवाणीचा शेजारी

तिघांत लेखी करार करा. देखभालीला पैसे कोण किती देणार, सुट्टीत बोट कोणाची, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर भाव कसा ठरणार. मेहुणा आहे म्हणून तर आधीच करा.

केळीवाला रावेर

रविवारनी गाडीनं रिझर्वेशन करं का? मी बी येस. हातोडा मी लयस.